मंत्रिमहोदय, आमचे तंबोरे व्हरांड्यात भिजले

मा. मंत्रिमहोदय यांस,

स. न. वि. वि.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट विषयावर येते. गेल्या आठवड्यात मिरजेत वळवाचा पाऊस झाला. त्याच दुपारी आमच्या संगीत वर्गाच्या खोलीला नवे कुलूप लागले आणि आतले सगळे सामान व्हरांड्यात काढून ठेवण्यात आले. तंबोरे, दोन पेट्या, तबल्याच्या जोड्या, मुलांच्या वह्या. आम्हाला ना नोटीस, ना फोन. दारावर साधी चिठ्ठीही नव्हती. संध्याकाळी वर्गाला आलेल्या मुलांनी अंगातले रेनकोट काढून तंबोऱ्यांवर घातले आणि स्वतः भिजत उभी राहिली. मी पोचले तेव्हा पेटीच्या भात्यातून पाणी गळत होते.

ज्या कार्यालयाच्या ताब्यात ती इमारत आहे, तिथे दुसऱ्या दिवशी मी गेले. साहेब बैठकीत होते. खोली कशासाठी हवी होती, असे कारकुनाला विचारले. मोडकी बाकडी आणि जुने कागद ठेवायला, असे उत्तर मिळाले. मुले गात होती ती खोली आता भंगाराची झाली आहे.

ही खोली आपणच आम्हाला दिली होती. लेखी नाही, शब्दाने दिली होती. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्या आनंदात आमच्या सेवा क्लबच्या कार्यक्रमाला आपण आला होता. आमच्या मुलांनी भूप राग गायला, आपण त्यांच्या पाठीवरून हात फिरवलात आणि माईकवर सांगितलेत की, ही खोली वर्गाला कायमची मिळेल आणि शिक्षकाच्या मानधनाचे मी बघतो. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी बातमी फोटोसह छापून आली. ते कात्रण मी प्रत्येक अर्जाला जोडत आले. अर्जांना पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

हा वर्ग कसा सुरू झाला, ते आपल्याला त्या दिवशी कोणी सांगितले नसेल. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी 45 फूट आहे, ती केव्हाच मागे पडली होती. गावभाग, हरभट रोड, मारुती चौक पाण्यात होते. आमच्या क्लबची कॉलेजवयीन मुले-मुली निवारा केंद्रावर जेवण वाटत होती, औषधांच्या याद्या करत होती. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळ गावात पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, माणसे बुडाली. मुलांच्या आयांचे मला फोन यायचे, बाई, त्याला पाण्याकडे पाठवू नका. मी पाठवले नाही. पण पाणी ओसरल्यावर घराघरातला गाळ उपसायला तीच मुले गेली. हातमोजे आम्ही वर्गणी काढून आणले. सरकारी हातमोजे आले तेव्हा गाळ निघून गेला होता.

निवारा केंद्रात रात्री लहान मुले रडायची. आमच्यातल्या एका मुलाने घरून पेटी आणली आणि अभंग सुरू केले. दुसऱ्या रात्री पोरे त्याची वाट बघत बसली होती. पूर ओसरला, लोक घरी गेले, पण मुले पेटीसाठी त्याला शोधत आली. तेव्हापासून वर्ग चालू आहे. हळदीच्या गोदामात काम करणाऱ्या बायकांची मुले आहेत, हमालांची आहेत, रिक्षावाल्यांची आहेत. कुणाकडूनही फी घेतलेली नाही. शिकलेली मुले धाकट्यांना शिकवतात आणि त्यातलीच पुढे आमच्या स्वयंसेवक गटात येतात. 2021 च्या पुरात गाळ उपसायला आलेल्यांत 2019 ला निवारा केंद्रात रडणारी दोन भावंडे होती. हे कुठल्या योजनेतून झाले, ते आपल्या अधिकाऱ्यांनी मला दाखवावे.

आता माझे थोडे ऐकून घ्या. व्हरांड्यात भिजलेल्या तंबोऱ्यांपैकी एक माझ्या वडिलांचा होता. ते मिरज स्टेशनात नोकरीला होते. सतारमेकर गल्लीतून त्यांनी तो हप्त्याने घेतला आणि हप्ते फिटेपर्यंत घरात नवे कापड आले नाही. त्याचा भोपळा मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुणीचे. वडील गेल्यावर तो मला मिळाला, आणि माझ्या दिवाणखान्यात गवसणीत पडून राहण्यापेक्षा मुलांच्या हातात असावा म्हणून मी तो वर्गाला दिला. भोपळ्याला चीर गेली आहे. कारागिरांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि सांगितले की, दुसरा भोपळा बसवता येईल, जवारीही (तारेला गुंजन देणारी घोडीची घासणी) नव्याने काढता येईल, पण आवाज हाच राहील असे सांगता येत नाही. त्या रात्री मी जेवले नाही. माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, तरी आपल्या कार्यालयांचे जिने चढले. शाळेतून निवृत्त होताना मिळालेल्या पैशांतले किती या वर्गात गेले ते मी घरातसुद्धा सांगितलेले नाही. आणि इतके करून मला कारकुनाने विचारले, तुमची संस्था नोंदणीकृत आहे का?

पूर आला तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता! तेव्हा रात्री अकराला फोन यायचे, तुमची पोरे पाठवा. मतदान केंद्रावर म्हाताऱ्यांना हात द्यायला, विसर्जनाच्या घाटावर निर्माल्य गोळा करायला, वृक्षारोपणाच्या फोटोत उभे राहायला आमची मुले चालतात, नोंदणी लागत नाही. खोली मागितली की तीन वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल लागतो. (तो अहवाल आम्ही दिला आहे. तो सापडत नाही, असे सांगण्यात आले.)

युवकांनी सेवा करावी, असे तुम्ही सगळे भाषणात सांगता. 1969 पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे, स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास द्यायचे असतात. आठ तासांचा दिवस धरला तर एका मुलाचे 30 दिवस झाले. शंभर मुलांचे तीन हजार दिवस. एवढी मजुरी शासनाला आणि समाजाला फुकट मिळते. मुले आनंदाने करतात, मी त्यांना तेच शिकवले आहे. पण त्या बदल्यात पत्र्याखालची एक खोली मागितली तर ती उपकाराची भाषा होते?

संगीताचे तर विचारूच नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच लिहिले आहे की सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरापेक्षा जास्त मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक हवा. माझ्या वर्गातल्या मुलांना मी विचारले, शाळेत गाणे कोण शिकवते? एकानेही हात वर केला नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे की अभ्यासाचे विषय आणि अवांतर विषय अशी भिंत ठेवायची नाही. भिंत काढलीत, पण भिंतीपलीकडे शिक्षकच नेमला नाहीत. वर दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेल्या मुलांना वाढीव गुण. फार चांगले. पण शाळेत शिक्षक नाही, बाहेरच्या क्लासची फी परवडत नाही, मग हे गुण कुणाच्या मुलांना मिळतात? ज्यांच्या घरी आधीच सगळे आहे त्यांना. गोदामातल्या बाईच्या मुलीला ते गुण आमच्या वर्गामुळे मिळणार होते. ती पुढच्या सत्रात परीक्षेला बसणार आहे, आणि सध्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रियाज करते.

आणि हे कुठे चालले आहे? मिरजेत. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्याच्या दारूने अधू झाले, तेव्हा ते उपचारासाठी मिरजेत आले आणि इथल्या संस्थानिकांच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. त्याच पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, 1937 मध्ये गेल्यावर त्यांना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले, आणि उरुसात आजही गवई तिथे गाऊन हजेरी लावतात. एका छोट्या संस्थानाला एका मुलाचे शिक्षण झेपले. तुमच्या महाराष्ट्राला चाळीस मुलांची खोली झेपत नाही. मानांकनाचा फलक चौकात लागला, त्यावर तुमचा फोटो आहे. सतारीचा फोटो त्याहून लहान आहे.

तुम्हाला हे कठोर वाटेल. मला मात्र वाटते की गेली कित्येक वर्षे आम्ही फार मऊ बोललो. सेवाभावी माणसे मागत नाहीत, भांडत नाहीत, असे सगळ्या पक्षांनी ठरवून टाकले आहे. सरकार बदलते, पाटी बदलते, फाइल त्याच टेबलावर राहते. जे काम शासनाचे होते ते आम्ही हौसेने अंगावर घेतले आणि शासनाने ते आमच्यावर कायमचे सोडून दिले. पुरात बोट नाही, शाळेत मास्तर नाही, गावात वाचनालय नाही, की लगेच एखादे मंडळ, एखादा क्लब शोधायचा. माझ्या गटातला एक मुलगा परवा म्हणाला, “बाई, आता पूर आला तर आपण कशाला जायचं?” मी त्याला रागावले. नंतर घरी येऊन मला त्याचे उत्तर सापडले नाही. त्या मुलाच्या मनातून सेवा गेली तर त्याचा दोष मी त्याच्यावर येऊ देणार नाही, तुमच्या कुलपावर टाकेन.

आमचे म्हणणे एवढेच आहे. खोली परत द्यावी आणि या वेळी लेखी आदेशाने द्यावी. वाद्यांच्या दुरुस्तीचा खर्च, मिरजेतल्याच कारागिरांच्या अंदाजपत्रकाप्रमाणे, ज्यांनी ती बाहेर काढली त्यांच्याकडून वसूल करावा. या वर्गातली मुले ज्या शाळांत जातात त्या शाळांमध्ये कायद्याप्रमाणे कलेचा निदेशक नेमावा, त्याचे मानधन दर महिन्याला मिळावे. आणि आपत्तीत बोलावल्या जाणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला विमा, लाइफ जॅकेट आणि हातमोजे पावसाळ्याआधी मिळावेत, गाळ निघून गेल्यावर नव्हे.

पूर आला तर आमची मुले जातील, मी स्वतः त्यांना घेऊन जाईन. पण आदेश हातात पडेपर्यंत तुमच्या कुठल्याही कार्यक्रमात ती स्वागतगीत गाणार नाहीत आणि फोटोला उभी राहणार नाहीत, असा ठराव क्लबच्या सभेत एकमताने झाला आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे. उत्तर लेखी द्यावे, फोनवर नको.

आपली,
सेवा क्लबची सचिव आणि निवृत्त शिक्षिका, मिरज