आकड्यांच्या पल्ल्याला पेटंट कधी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अतिवाहक (अतिथंड केल्यावर जवळजवळ रोधाशिवाय वीज वाहणाऱ्या) केबलच्या पेटंट-अर्जांत पुष्कळदा नवा सुटा भाग असा नसतोच. मागणी असते ती आकड्यांच्या पल्ल्याची, म्हणजे गाभ्याभोवती गुंडाळलेल्या अतिवाहक फितींच्या पिळाची लांबी (एका पूर्ण वेढ्यात फीत केबलच्या दिशेने जेवढी पुढे सरकते ती) अमुक ते तमुक मिलिमीटर असावी, अशी. जाणकाराला सहज सुचण्याजोगे, म्हणजे ‘उघड’ असेल, त्याला पेटंट मिळत नाही. असा पल्ला उघड होता की नव्हता, हे ठरवताना माझ्या मते आधी विचारायला हवे की, तो आकडा बदलला की काय बदलते, हे कोणाला ठाऊक होते का?

अमेरिकेतील 1955 चा अ‍ॅलर निकाल नेहमी पुढे केला जातो. फिनॉल बनवण्याच्या जुन्या पद्धतीत तापमान 100 अंश सेल्सिअस आणि आम्ल 10 टक्के होते. अर्जदाराने 40 ते 80 अंश आणि 25 ते 70 टक्के मागितले. नेहमीच्या प्रयोगांतून हाती येणारा सोयीचा पल्ला हा शोध नव्हे, असे न्यायालय म्हणाले. मात्र 1977 च्या अँटनी निकालाने याला लगाम घातला. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातील टाकीचे घनफळ आणि फिरत्या चकत्यांचे क्षेत्रफळ यांच्या गुणोत्तरावर यंत्राची क्षमता अवलंबून असते, हेच आधी कोणी ओळखले नव्हते. म्हणून ते गुणोत्तर उघड ठरले नाही. पहिला निकाल सर्वांच्या तोंडी असतो, दुसरा अर्जदाराच्या वकिलालाच आठवतो.

केबलमध्ये प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह सर्व थरांत सारखा वाटला जात नाही, बाहेरच्या थरांकडे लोटला जातो आणि ऊर्जानाश वाढतो. प्रत्येक थराचा पीळ वेगळा ठेवून थरांचे प्रेरकत्व (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध, इंडक्टन्स) जुळवले की वाटणी सुधारते, हे या कामातल्या जाणकारांना नवे नाही. तेव्हा ही वाटणी सुधारणारा पीळ मोजून काढला, एवढ्यावर पेटंट देणे मला पटत नाही. पण 77 केल्विनला (सुमारे उणे 196 अंश सेल्सिअस) थंड होऊन केबल आखडताना त्याच पिळामुळे फितींवरचा ताण कोणाला अपेक्षित नव्हता इतका कमी होत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पल्ल्याच्या आतली आणि बाहेरचीही मोजमापे अर्जदाराने समोर ठेवावीत. 2003 च्या पीटरसन निकालात मिश्रधातूच्या जुन्या पेटंटातील 0 ते 7 टक्के रेनियममधून (एक धातू) निवडलेल्या 1 ते 3 टक्क्यांचा दावा टिकला नाही, कारण अनपेक्षित फायदा सबंध पल्ल्यात दाखवता आला नव्हता.

आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम 25(1) नुसार पेटंट मंजूर होण्याआधी कोणालाही लेखी हरकत घेता येते. पिळाविषयीचे जुने प्रसिद्ध निबंध ज्यांच्या कपाटांत आहेत, त्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी असे अर्ज प्रसिद्ध होताच ते निबंध हरकतीसोबत दाखल करावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विद्युत अभियंता, पुणे