राष्ट्रीय संग्रहालयाच्या पाटीवर वस्तूचा प्रवासही हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिल्लीतील नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक या इमारतींमध्ये ‘युगे युगीन भारत’ हे नवे राष्ट्रीय संग्रहालय उभारण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली. तेव्हापासून त्याविषयी जे छापून येते त्यात भर असतो तो आकारावर: १ लाख १७ हजार चौरस मीटर क्षेत्र, ९५० खोल्या, जगातील सर्वांत मोठे संग्रहालय. क्षेत्रफळाची चिंता वास्तुविशारदांनी वाहावी. माझ्यासारख्या प्रेक्षकाचा संबंध येतो तो काचेपाशी लावलेल्या वीतभर पाटीशी, आणि हे पत्र त्या पाटीपुरतेच आहे.

आपल्याकडची पाटी बहुधा वस्तूचे नाव, काळ, माध्यम आणि ती सापडल्याचे ठिकाण एवढे सांगून थांबते. ही माहिती आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. परंतु वस्तू जमिनीतून बाहेर आल्यापासून काचेआड विसावेपर्यंत कोणाच्या हातांतून गेली, तिचे मोल कोणी ओळखले आणि कोणाच्या नजरेतून ते निसटले, हा इतिहासही त्या वस्तूचाच आहे, आणि तो बहुतेक पाट्यांवर नसतो.

मोहेंजोदडोच्या नर्तिकेचे उदाहरण घ्यावे. दिल्लीच्या सध्याच्या राष्ट्रीय संग्रहालयातील ही सर्वांत परिचित मूर्ती असेल. उंची अवघी साडेदहा सेंटिमीटर. शाळेच्या पुस्तकातले चित्र पाहून आलेल्याला ती प्रत्यक्षात एवढीशी पाहून पहिला धक्का बसतो. ती १९२६ मध्ये सापडली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम मंडळाचे कार्यालय आपल्या पुण्यात होते, त्यामुळे मोहेंजोदडोचे टेकाड पुण्याच्या अधिकाऱ्याच्या अखत्यारीत येत असे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त भांडारकर या मंडळाचे प्रमुख असताना १९११-१२ च्या सुमारास ते टेकाड पाहून आले आणि तेथील विटा अलीकडच्या धाटणीच्या दिसल्यामुळे हे अवशेष जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीचे असावेत, असा निर्वाळा त्यांनी दिला. पुढे त्याच पदावर आलेल्या राखालदास बॅनर्जींना मात्र तेथे काही वेगळे असल्याचा संशय आला, १९२२ मध्ये त्यांनी खोदकाम सुरू केले आणि दोन वर्षांनी सिंधू संस्कृतीचे वृत्त जगापुढे आले. १९२४-२५ च्या हंगामात तेथे खोदकाम करणारे काशिनाथ नारायण दीक्षित हे मूळचे पंढरपूरचे. ‘डीके’ ही तेथील भागाची खूण त्यांच्याच आडनावावरून पडली, आणि पुढे ते या खात्याचे महासंचालक झाले.

पुण्याचा एवढा संबंध असल्यामुळे माझा ऊर थोडा भरून येतो, हे मान्य करतो. पण मुद्दा गावाभिमानाचा नाही. तसा असता तर भांडारकरांची चूक मी झाकूनच ठेवली असती. एवढा व्यासंगी विद्वान समोरच्या विटा पाहूनही फसला, हे नर्तिकेशेजारी दोन ओळींत लिहिले, तर पुरातत्त्व हा पुराव्यागणिक बदलत जाणारा विचार आहे, हे शाळकरी मुलाला न शिकवता कळेल.

त्याच खोदकामातील वस्तूंची फाळणीनंतर भारत आणि पाकिस्तान यांच्यात वाटणी झाली, आणि ती इतक्या काटेकोरपणे झाली की हार ओवलेला ठेवला नाही, मणी सुटे करून निम्मे-निम्मे घेतले. दिल्लीत दिसतो तो अर्धा हार आहे. दीक्षितांच्या खोदकामात मिळालेला, ‘पुरोहित-राजा’ म्हणून ओळखला जाणारा पुतळा आज कराचीत आहे. हे समजल्यावर त्या मण्यांकडे पाहण्याची नजर बदलते. पण ते समजावे कसे?

दुसरे उदाहरण आपल्या राज्यातले. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका भिल्ल ग्रामस्थाला झुडपाच्या मुळाशी खणताना कांस्याचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ हाकणारा माणूस अशा चार वस्तू मिळाल्या. त्यांचे एकूण वजन साठ किलोंहून अधिक भरते. त्यांच्या काळाविषयी विद्वानांमध्ये दीर्घ चर्चा झाली आणि तीत आपल्या डेक्कन कॉलेजचे म. के. ढवळीकर यांचाही वाटा होता. ज्याच्या कुदळीला त्या प्रथम लागल्या, त्याचा आणि या मतभेदाचा उल्लेख पाटीवर असण्यात गैर काय आहे?

जागा कमी पडते, हे उत्तर मी ऐकलेले आहे. एका मोठ्या संग्रहालयात (त्याचे नाव येथे घेत नाही) मी अशी विचारणा केली, तेव्हा ‘लोक पाट्या वाचत नाहीत’ असे सांगण्यात आले. लोक वाचत नाहीत, कारण पाटीत वाचण्यासारखे काही नसते, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे आणि वज्र्‍या यांच्यापुढे माणसे रेंगाळतात, ती काही त्या वस्तूंच्या किमतीमुळे नव्हे. दिनकर केळकर गावोगाव हिंडून, पदरमोड करून त्या जमवत राहिले आणि अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले, ही हकीकत ठाऊक असलेला प्रेक्षक साध्या अडकित्त्याकडेही वेगळ्या नजरेने पाहतो.

शिवाय साधनांची वानवा नाही. देशातील संग्रहालयांच्या वस्तूंची संगणकीय नोंद ठेवण्यासाठी वापरली जाणारी ‘जतन’ ही प्रणाली पुण्यातील सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेनेच तयार केलेली आहे. पाटीवर दोन-तीन ओळी आणि उरलेली हकीकत त्या नोंदीत ठेवून पाटीवरच्या क्यूआर कोडने तेथे पोहोचता येईल. ही हकीकत हिंदी आणि इंग्रजीबरोबर वस्तू जेथे सापडली तेथील भाषेतही असावी, म्हणजे दायमाबादची मराठीत, आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची तेलुगूत. त्यासाठी दिल्लीत अनुवादकांची फौज नको. डेक्कन कॉलेजसारख्या संस्थांना आपापल्या भागाचे मजकूर लिहून द्यायला सांगावे.

राष्ट्रीय संग्रहालयाचा जन्मही अशाच एका प्रवासातून झाला आहे. १९४७-४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनासाठी देशभरातून निवडक वस्तू गोळा करून पाठवण्यात आल्या, त्या परतल्यावर राष्ट्रपती भवनात मांडल्या गेल्या आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजी तेथेच संग्रहालयाचे उद्घाटन झाले. जनपथावरील आजची इमारत १९६० ची. आता तेथील दोन लाखांहून अधिक वस्तूंचा पुढचा मुक्काम ठरत असेल, तर प्रत्येक वस्तूची नोंदवही उघडली जाणारच आहे. पाट्यांचे मजकूर त्याच वेळी, मांडणीचे आराखडे पक्के होण्याआधी लिहून घ्यावेत, कारण काच एकदा बसली की पाटी बदलायला आपल्याकडे पिढी जाते. संबंधित मंत्रालयाने यासाठी जाणकारांकडून लेखी सूचना मागवाव्यात, ही विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे करीत आहे.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, पुणे