थंडी त्यांची आणि आपली

दिंडोरी, नाशिक
आषाढ

प्रिय दिग्या,

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच हसतोस. हे ऐकून तर हसणारच, म्हणून लिहितोय. हसायचं ते तिकडे रत्नागिरीत एकटा बसून हस. प्रकृती बरी. गुडघा आहे तसाच. हिचंही ठीक.

सई चिलीहून आली. तिथला काढणीचा हंगाम करून आली, काळी पडलीय, पण तब्येत सुधारलीय. येताना दोन बाटल्या आणल्या, दोन्ही सोव्हिन्यों ब्लाँ, म्हणजे त्या नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन, चिलीतल्याच कासाब्लांका खोऱ्यातल्या. रविवारी तिने मला ओट्यासमोर बसवलं आणि दोन ग्लास पुढे ठेवले. एकात आपल्या बागेच्या मालाची वाइन, दुसऱ्यात ती. कुठली कुठली ते सांगितलं नाही. दिग्या, नाक घातल्याबरोबर कळलं रे. पपनस सोलल्याचा वास, आणि त्याच्या मागून ओली ढोबळी मिरची. घोट घेतला तर जिभेच्या दोन्ही कडांना आंबटपणा नुसता धरून राहिला, आणि शेवटी किंचित खारट. मी म्हटलं, ही आपली नाही. कार्टी म्हणते, "बाबा, आपली आवडली का, ही आवडली?" मी उत्तर दिलं नाही. ही आतून ओरडली, दारू पिऊन झाली असेल तर पानं घ्या.

तर मुद्दा असा, की तिला आपल्या खालच्या वावरातली सोव्हिन्यों काढायचीय. काढायची म्हणजे खोडं ठेवायची, आत डॉगरिज खुंटाचं मूळ चांगलं आहे, त्यावर ऑगस्टमध्ये शेनिनचं, म्हणजे वाइनच्याच दुसऱ्या पांढऱ्या द्राक्षाचं, कलम करायचं. निदान निम्म्यावर तरी. तीच बाग, जिच्यासाठी तुझ्या बँकेत मी चपला झिजवल्या. तू मिसळ खाता खाता म्हणाला होतास, "नान्या, द्राक्ष ही खायची वस्तू आहे, थॉमसन लाव आणि गप बस." बिल मी दिलं होतं, हेही लक्षात आहे माझ्या. तेव्हा हवाच तशी होती. 2000 साली सुलाची पहिली बाटली निघाली, 2001 ला सरकारने वाइनचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, आणि जो तो वायनरी काढायला निघाला. पुढे 2008 नंतर किती जणांनी वायनरीला टाळं लावलं ते तूच फायलींत पाहिलंस. मी मात्र टिकलो. हे तू कधीच तोंडाने म्हणाला नाहीस.

सईचं म्हणणं ऐकून घे, मग बोल. तिथला समुद्र थंड असतो. हम्बोल्ट प्रवाह अंटार्क्टिकाकडचं गार पाणी घेऊन किनाऱ्याला लागून उत्तरेकडे वाहतो, त्यामुळे भर उन्हाळ्यातही पाण्यात पाय घालवत नाही म्हणते. सकाळी त्या पाण्यावरचं धुकं खोऱ्यात शिरतं आणि उन्हाला वेलीपर्यंत यायला बराच उशीर होतो. दुपारी ऊन तापलं की समुद्राकडून वारा. मणी पिकायला निवांत वेळ घेतो, आंबटपणा जळत नाही, आणि तो मिरचीचा वास राहतो. ढोबळी मिरचीत जे द्रव्य असतं तेच या द्राक्षात असतं, पायराझिन म्हणतात. ऊन आणि उष्णता लागली की ते घटतं. (तुझा समुद्र यात काही कामाचा नाही. त्यात अंघोळीचं पाणी आहे नुसतं. हापूस पिकवत बस.)

गंमत म्हणजे कासाब्लांकातही हे फार जुनं नाही. 1982 साली पाब्लो मोरांदे नावाच्या माणसाने तिथे वेली लावल्या. त्याआधी त्या खोऱ्यात गुरं चरायची. तिथेही बँकेत एखादा दिग्या बसलेला असणारच. आणि त्यांनाही सुख नाही. वसंतात पहाटे दव गोठतं आणि कोवळे फुटवे जळतात, म्हणून बागेत मोठाले पंखे उभे केलेत हवा खालीवर करायला. सईने फोटो दाखवला. मी म्हटलं, आपल्याकडे निफाडला पारा पाच-सहावर आला की लोक बागेत शेकोट्या पेटवतात, तेवढ्यावर भागतं.

आपल्याकडे थंडी नाही असं थोडंच आहे? सहाशे मीटरवर बसलोय आपण. पण आपली थंडी रात्रीची, आणि तीही डिसेंबर-जानेवारीपुरती. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, ऑक्टोबरात, माल जानेवारी-फेब्रुवारीत. फेब्रुवारी लागला की दुपारी तिशीच्या वर, साखर पळत सुटते आणि आंबटपणा खाली बसतो. म्हणून आम्ही रात्री डोक्याला बॅटऱ्या बांधून काढतो, पहाटेच्या आत क्रेट वायनरीत. थोडं आधी काढलं तर आंबटपणा टिकतो पण वास भरत नाही. थांबलं तर वास भरतो आणि बाकीचं जातं. त्या चार-पाच दिवसांत मी झोपत नाही. त्यात घड इतके गच्च, की अवकाळीचा एक शिरवा आला तरी आतून सडायला लागतात. सई म्हणते, शेनिन उन्हातही आंबटपणा धरून ठेवते, माल जास्त. खरंय तिचं. म्हणूनच गावात सगळ्यांकडे शेनिन आहे. मग आपली बाग कशाला हवी?

तिला मी म्हटलं, नाशिकच्या सोव्हिन्योंने समुद्रासारखं का लागावं? आपली जरा पिकलेली, पेरूकडे झुकणारी असते, असू दे. ती म्हणाली, "बाबा, मग त्या दिवशी तुम्ही दुसरा ग्लास का संपवलात?"

यावर काय बोलणार.

आणि हे घरात कुणाला बोललो नाही. त्या चिलीच्या वायनरीने तिला पुढच्या हंगामाला पुन्हा बोलावलंय. ती म्हणते अजून ठरवलं नाही. आता कलमाला हो म्हटलं तर बाग तिची होते, तिच्या हातची, आणि ती लावून सोडून जाणार नाही असं आपलं मला वाटतं. नाही म्हटलं तर बाग माझी राहते. पण कलम केल्यावरही गेली तर? दोन वर्षं मालाविना आणि पोरगी तिकडे. हिला विचारलं तर म्हणेल, पोरीला बागेने बांधून ठेवता का. तुला विचारतोय कारण प्रसादच्या वेळी तू फ्लॅट घेऊन ठेवला होतास त्याच्यासाठी, मारुती मंदिराजवळ. भाड्याने दिला का शेवटी? राग मानू नकोस. मला खरंच विचारायचंय, तो फ्लॅट घेताना त्याला आधी विचारलं होतंस का.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? आणि बापू गेल्याचं कळलं असेल तुला. मी दहाव्याला जाऊन आलो. पैलवान होता रे. सविस्तर भेटीत.

कलमाच्या डोळे काड्या ऑगस्टच्या आत सांगून ठेवाव्या लागतात, नाहीतर चांगल्या मिळत नाहीत. तेव्हा उत्तर लगेच टाक. तुझ्या पद्धतीने 'प्रस्ताव विचाराधीन' असं लिहू नकोस. निम्मी की सगळी, की काहीच नाही, एवढं लिही.

तुझा,
नान्या

ता. क. हापूसची पेटी मिळाली होती, कळवायचं राहिलं. दोन आंबे डागी निघाले. बँकवाल्याकडून एवढं चालायचंच.