सायकलने कामावर जाण्यापूर्वीचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायकलने कामावर जावे की नाही, याविषयी आपल्या पत्रसदरात अधूनमधून चर्चा होत असते. त्यांतली बरीचशी पत्रे सायकलीचे गुणगान तरी करतात, नाहीतर ‘आधी रस्ते सुधारा, मग बोला’ असे म्हणून विषय तिथेच मिटवतात. गेले दोन महिने मी या दोन्ही पक्षांच्या मध्ये अडकलेलो होतो. माझे कामाचे ठिकाण घरापासून सात किलोमीटरांवर आहे, जिन्याखाली जुनी सायकल धूळ खात पडलेली आहे, आणि मनात इच्छाही होती. तरीही निर्णय होत नव्हता. तो अखेर कसा झाला, हे अशाच विचारात असलेल्या इतर वाचकांना उपयोगी पडेल, असे वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

आरोग्य आणि पर्यावरण हे मुद्दे मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यांबद्दल कोणाचाच वाद नाही. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जायला अर्धा तास आणि यायला अर्धा तास धरला, तर तीन दिवसांतच 180 मिनिटे भरतात, आणि त्यासाठी पहाटे वेगळे उठावे लागत नाही. पेट्रोलच्या बाबतीत मात्र मोठ्या गप्पा मारू नयेत, असे माझे मत आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दुचाकी लिटरला 45 किलोमीटर धावते असे धरले, तर माझ्या रोजच्या चौदा किलोमीटरांचा वाटा जेमतेम पाऊण किलो निघतो. ही बचत खरी आहे, पण तेवढ्यासाठी कोणी वर्षभर पायडल मारत राहील, असे मला वाटत नाही.

माझे खरे घोडे अडले होते ते वेळेच्या हिशेबावर. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी सहज म्हणून कामाच्या ठिकाणापर्यंत जाऊन पाहिले, तर 27 मिनिटे लागली आणि मी खूश होऊन परतलो. पुढच्या आठवड्यात कामाच्या दिवशी, नेहमीच्या वेळी, त्याच रस्त्याने गेलो तेव्हा 39 मिनिटे लागली आणि वाटेत दोनदा जीव मुठीत धरावा लागला. एकदा उभ्या मोटारीचे दार हातभर अंतरावर फटकन उघडले, आणि एकदा वळणाऱ्या ट्रकच्या पोटाशी मी सापडलो, जिथे चालकाला मी दिसण्याची शक्यताच नव्हती. दोन्ही वेळा चूक काही प्रमाणात माझीही होती. उभ्या वाहनांच्या रांगेपासून मीटरभर अंतर राखून चालवावे आणि अवजड वाहन वळत असताना त्याच्या बाजूला घुसू नये, हे मला आधी ठाऊक असायला हवे होते.

मी दुचाकीचाच रस्ता सायकलसाठी गृहीत धरला होता. सायकलचा रस्ता निराळा शोधावा लागतो, हे सुचायला मला तीन फेऱ्या लागल्या. आता मी वस्तीतल्या आतल्या गल्ल्यांमधून जातो. अंतर दीड किलोमीटरने वाढले, पण वेळ 36 मिनिटांवर आली, कारण वाटेत सिग्नल कमी आहेत. शिवाय श्रमामुळे आपण अधिक जोराने श्वास घेतो, तेव्हा मुख्य रस्त्यावरचा धूर टळतो हा फायदा वेगळाच. एका चौकात समोरून येणारी वाहने ओलांडून वळावे लागते. तिथे मी सरळ खाली उतरतो आणि सायकल हाताने ढकलत पलीकडे नेतो. यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही.

सायकलीबाबतही माझा एक गैरसमज होता. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर गुडघे दुखू लागले, तेव्हा वय झाले असे समजून मी नाद सोडणारच होतो. सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिराने एका नजरेत सांगितले, की सीट फार खाली आहे. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली, की पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट चार बोटे वर गेली आणि दुखणे थांबले. टायरमधली हवाही मी अंगठ्याने दाबून ठीक आहे असे ठरवत होतो. वास्तविक किती हवा भरायची, हे टायरच्या कडेलाच छापलेले असते. चेन पुसून तेल दिले, ब्रेकचे रबर बदलले, आणि नव्या गिअरच्या सायकलीचा विचार मी पुढे ढकलला. चढावाच्या रस्त्याने जाणाऱ्यांनी मात्र तो जरूर करावा.

राहिला घाम. आपण पायडलला जी ताकद लावतो, तिच्या तीन-चार पट उष्णता शरीरात तयार होते, आणि चालत्या सायकलवर वारा ती वाहून नेत असल्यामुळे त्या वेळी फारसे जाणवत नाही. थांबलो, की पाचव्या मिनिटाला शर्ट भिजतो. हवेचा विरोधही वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, म्हणजे दुप्पट वेगासाठी केवळ हवा कापायला जवळजवळ आठपट ताकद लागते. म्हणून शेवटचा किलोमीटर मी रमतगमत जातो, पिशवी पाठीऐवजी कॅरिअरवर बांधतो आणि पोहोचल्यावर शर्ट बदलतो. या दहा मिनिटांची गणती प्रवासातच करायला हवी.

संपादक महोदय, याच ठिकाणी एक गाऱ्हाणे मांडतो. आमच्या कार्यालयाच्या आवारात मोटारींसाठी पट्टे आखलेले आहेत, दुचाकींसाठी छप्पर आहे, पण सायकल कुलूप लावून बांधून ठेवता येईल अशी एक लोखंडी कडी नाही. नुसते चाक कुलूपबंद केलेली सायकल कोणीही उचलून नेऊ शकतो. सांगाडा आणि मागचे चाक एकत्र करून ते पक्क्या वस्तूला बांधावे लागते. ‘दुचाकींच्या रांगेत लावा’ असे मला सांगण्यात आले. तशी लावली, तर संध्याकाळी कोणाच्या तरी स्टँडने मडगार्ड वाकून चाकाला घासत होते. जमिनीत रोवलेल्या चार कड्या आणि न्हाणीघरात कपडे अडकवायला दोन खुंट्या, एवढ्यानेही काही जणांचा निर्णय बदलेल, असे मला वाटते; आपल्या वृत्तपत्राने हा मुद्दा आस्थापनांपुढे ठेवावा, ही विनंती.

घरच्यांचा आक्षेप अंधाराबद्दल होता आणि तो रास्त होता. पुढे पांढरा व मागे लाल दिवा लावल्याशिवाय आता मी संध्याकाळी निघत नाही. पावसात सायकल काढायचीच नाही, असेही ठरवले आहे, कारण ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतात आणि रंगवलेले पट्टे व गटारांची लोखंडी झाकणे निसरडी होतात.

इतके सगळे पाहून झाल्यावर मी मंगळवार आणि गुरुवार हे दोन दिवस नक्की केले आहेत, कारण त्या दिवशी संध्याकाळी बैठक नसते. दोन धुतलेले शर्ट सोमवारीच नेऊन टेबलाच्या खणात ठेवतो. तीन आठवडे झाले आहेत आणि एकच खाडा पडला आहे, तोही पंक्चरमुळे. लोखंडी कडीसाठी दिलेल्या अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. तोवर माझी सायकल पहारेकऱ्यांच्या कृपेने त्यांच्या खुर्चीमागे, खिडकीच्या गजाला बांधलेली असते.

कळावे,
आपला एक वाचक