पहिल्या मजल्यावरच्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
शि. सा. न. वि. वि.

परवा जिन्यात 'थँक्यू काका' म्हणून वर पळाले, ते मनाला लागून राहिलं. म्हणून हे पत्र, आणि चारचौघांसमोर.

चौथीनंतर लेकाला घरीच शिकवावं असं आमच्या मनात आलं, तेव्हा लालबागच्या आपल्या बिल्डिंगमध्ये जितकी दारं तितके कायदे होते. सासूबाईंना वाटे, पोलीस येतील. भाऊ म्हणे, कोण विचारतंय? एका कार्यालयात 'असलं काही नसतं' एवढंच ऐकायला मिळालं. काय नसतं, ते सांगायला कुणी तयार नव्हतं. तुम्ही शाळेत जन्मभर हेडक्लार्की केलेली, पण उत्तर दिलं नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची झेरॉक्स पुढ्यात टाकलीत. "मी वकील नाही, कारकून आहे. तू वाच."

कलम १० माझ्याकडून तीनदा वाचून घेतलंत. मुलाला प्राथमिक शिक्षणासाठी परिसरातल्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य. "आणि नाही घातलं तर दंड किती? शोध." शेवटच्या पानापर्यंत गेले. पालकांना दंड करणारं कलमच नाही! मी हुरळले, तर तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "दंड नाही म्हणजे परवानगी आहे, असं कुठं लिहिलंय? घरी शिकवायची सोय या कायद्यात सापडली का तुला?" नव्हती सापडली. तो निर्णय आम्ही घेतला तो हे माहीत असताना घेतला, एवढं तरी आता सासूबाईंना सांगता येतं.

पण तुम्ही मला खरी वाचवलीत ती पुढे. शेजारची चार पोरं गोळा करून, थोडी फी घेऊन, घरीच सकाळची शाळा भरवायचा माझा बेत होता. नावसुद्धा ठरलं होतं, हसू नका. तुम्ही कलम १८ वर बोट ठेवलंत. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर १ लाखापर्यंत दंड, आणि तरीही चालूच ठेवली तर दिवसाला १० हजार. बेत तिथल्या तिथे मोडला.

दाखल्याचं तर मला सुचलंच नसतं. मी नुसतं पाठवणं बंद करणार होते. "नाव पटावर राहील आणि पोरगं शाळाबाह्यांत मोजलं जाईल. अर्ज दे, दाखला घे, तीन झेरॉक्स काढ." परतीची वाटही तुम्हीच दाखवलीत. कलम ४ प्रमाणे चौदाच्या आत कधीही शाळेत परतला तर वयाप्रमाणे वर्ग मिळतो, आणि कलम १५ प्रमाणे वर्ष सुरू झालंय म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. दहावीला एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त शाळेचं बोर्ड आहे, आपल्या राज्य बोर्डाचा बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहे. ते पुढचं पुढे.

आईवडील दोघंही घाबरलेले असताना तुम्ही धीर दिला नाहीत, कागद दिलात. मला तेच हवं होतं.

झेरॉक्स अजून माझ्याकडेच आहे. कलम १० वर चहाचा डाग पडलाय, तो माझा. रविवारी घेऊन येते. लेकही येईल, त्याला तुमच्याकडून दशमान अपूर्णांक पुन्हा समजून घ्यायचेत. माझ्याकडून त्याला ते पटत नाहीत.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची सूनबाई