तांडापेठेत जाशील तेव्हा

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या रविवारी नागपूरच्या तांडापेठेत जाऊन आपल्या जुन्या विणकरांच्या गल्लीचे फोटो काढणार आणि गल्लीच्या जुन्या रहिवाशांचं संमेलन भरवलं त्यांना पाठवणार, असं तू म्हणालीस. जा, जरूर जा. मेट्रोनं गेलीस तर चितारओळ चौकात उतर आणि ऑटोवाल्याला नाईक तलाव सांग. गल्लीचं नाव आता कोणाला कळायचं नाही. पण जायच्या आधी थोडं ऐकून घे. फोनवर तुझं नुसतं ‘हो आई, हो आई’ चालू असते, म्हणून कागदावर लिहिते.

संमेलनाला मी गेले होते. मानेवाड्याकडे हॉल घेतला होता. पुण्याहून, भिलाईहून, हैदराबादहून माणसं आली होती. पाटवडी रस्सा असा केला होता की नाकातून पाणी. मग एकेक जण माईकवर आला, आणि सगळ्यांचं एकच. काय तो एकोपा होता! दारं कधी बंद नसायची! आता माणसंच बदलली! माझ्या बाजूची वहिनी पदरानं डोळे पुसून राहिली होती. मलाही भरून आलं, खोटं काऊन बोलू? पण ऐकता ऐकता डोक्यात किडा वळवळायला लागला, तो घरी येईपर्यंत थांबला नाही.

दारं उघडी असायची हे खरं आहे. पण समोरच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून तुझे आजोबा बसलेले, समोर माग. दार लावलं तर त्यांना साडीच्या काठाचा धागा दिसायचा कसा? उजेडासाठी दार उघडं ठेवावं लागायचं. आणि उघडं आहे म्हणून माणूस आत यायचा, बसायचा, चहा प्यायचा. एकोपा होता, पण तो आभाळातून पडला नव्हता बाई.

पाजणी, म्हणजे सुताला खळ लावायचं काम, तुला आठवते का? तू दुसरीत असताना आपण गल्ली सोडली, त्यामुळे आठवत असेल तर थोडीशीच. पहाटे, ऊन चढायच्या आत, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, पसरायचा. खाली बांबूच्या घोड्या, वर हजारो धागे, एका साडीचे नाहीत, कितीतरी साड्यांचे एकदम. पातळ खळ लावायची आणि दोन्ही बाजूंनी दोन माणसांनी मोठा कुंचा घेऊन सारख्या चालीनं पुढं जायचं. एकाचा हात जड पडला की खळीचे गोळे बसायचे, मग मागावर धागा तुटत राहायचा. दोघं कुंच्यावर, दोघं टोकाशी ताण धरून, बायका मधे फिरून तुटलेला धागा सांधणाऱ्या, आणि पोट्टे कुत्री-बकऱ्या हाकलायला. तेवढा वेळ गल्लीतून सायकलसुद्धा जायची नाही. एका घराच्या माणसांत हे काम होतच नव्हतं. म्हणून भांडण असलं तरी पाजणीच्या दिवशी यावं लागायचं. आमच्या समोरच्या घराशी नळावरून अबोला होता. तरी ते काका आमच्या ताण्याला यायचे, आणि आजोबा त्यांच्या. तोंडातून शब्द नाही, पण कुंचे बरोबर जोडीनं चालायचे. संमेलनात याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मी हात वर केला होता, पण तोवर जेवणाची पंगत लागली.

दुसरं, कांड्या. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसणारी सुताची कांडी चरख्यावर बायका भरायच्या. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी चरखा पुढं सरकवला. स्वयंपाक, पाणी, मूल, आणि उरलेल्या वेळात कांड्या. उरलेला वेळ म्हणजे रात्र. साडी विकली गेली की मजुरी आजोबांच्या हातात. कांड्यांची मजुरी म्हणून वेगळा पैसा मी कधी पाहिला नाही. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. ‘सोन्याचे दिवस होते’ असं कोणी तुला म्हणालं, तर कोणाच्या घरी, कोणासाठी, हेही विचार, एवढंच.

पावसाळ्याचं तर नावच काढू नको. मागाच्या खड्ड्यात पाणी पाझरायचं. डब्या-डब्यानं उपसायचं, पुन्हा भरायचं. काम बंद, आणि सूत देणाऱ्या शेठकडून उचल चालू. दिवाळीपर्यंतची मजुरी त्यातच वळती व्हायची.

मग माग का बंद पडले, तर माणसं बदलली म्हणून नाही. पॉवरलूमचं कापड स्वस्त आणि भराभर येऊन राहिलं होतं. काही माल फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ साली झाला. आजोबा त्याची गोष्ट मोठ्या आशेनं सांगायचे. पण राखीव मालाची यादी पुढं २२ वरून ११ वर आली, आणि जे राखीव होतं तेही पॉवरलूमवर निघून हातमागाच्या नावानं विकलं जायचं. सरकारी योजनेतली जनता साडी होती तोवर कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली, तीही थांबली. ज्यांच्या घरात एक भाऊ मागावर आणि एक एम्प्रेस मिलमध्ये होता, त्यांना वाटायचं आपण वाचलो. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली मिल, ती काय बुडते! २००२ मध्ये तीही बंद झाली. आपण तेव्हा इकडे गावी येऊन धान आणि मिरची करत होतो. आता त्या जागेवर मॉल आहे. तू तिथून चपला घेतल्यास, मला माहीत आहे.

पाजणी संपली तसं एकमेकांवाचून अडणंही संपलं. कोणी रिक्षा घेतली, कोणी बांधकामावर गेलं, कोणी आपल्यासारखं गावची शेती धरली. कोपऱ्यावरच्या घरानं मागाचा खड्डा मुरूम टाकून बुजवला आणि वर दोन टेबलं मांडून सावजी भोजनालय काढलं. आज नागपुरात जो तो सावजी सावजी करतो. तो रस्सा मूळ आपल्या कोष्टी विणकरांच्या घरचा, मागावरून उठलेल्या माणसाला जाग यावी असा. त्या भोजनालयाच्या मावशी अजून मसाला स्वतः भाजतात म्हणे.

आणि आता मुख्य गोष्ट. संमेलनाला त्या मावशी नव्हत्या. समोरचे काका नव्हते. नळाशेजारी राहणारी, अजून दुसऱ्याच्या पॉवरलूमवर पाळी करणारी माणसं नव्हती. मी विचारलं तर संयोजकांतला एक जण म्हणाला, ‘काकू, हे जुन्या रहिवाशांचं आहे ना, जे सोडून गेले त्यांचं.’ मला हसू आलं आणि रागही. जे सोडून गेले ते जुने, मग जे साठ-साठ वर्षं तिथंच आहेत ते काय नवे? वस्ती गेली, वस्ती गेली म्हणून माईकवर गळा काढायचा, आणि ती वस्ती चार-पाच मैलांवर जिवंत बसली आहे, तिला जेवायला सांगायचं नाही. मेल्या माणसाची तेरवी करतात, पण आधी तो मेला की नाही हे तरी पाहतात!

म्हणून तुला सांगते, पडक्या भिंतीचे फोटो काढत फिरू नको. आपलं घर तसंही राहिलं नाही, तिथं तीन मजली इमारत आहे, खाली मोबाईलचं दुकान. तू सरळ मावशींकडे जा. दुपारी दोननंतर जा, त्याआधी गिऱ्हाईक असते. माझं नाव सांग, नाही ओळखलं तर ‘भिवापूरवाली’ म्हण. गल्लीत माझं तेच नाव होतं. तुझे बाबा इतवारी स्टेशनावर छोट्या गाडीतून तांदळाचं पोतं आणि मिरचीचा थैला उतरवायचे, आणि अर्ध्या गल्लीला मिरची आपल्याकडूनच जायची. ती अडीच फुटी रुळांची गाडीही २०१९ मध्ये बंद झाली, मोठी लाईन टाकायला. आता मी एसटीनंच पाठवते.

मावशींना विचार, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते त्या दिवशी गल्लीतून अजून कोण जाते. तू लहान असताना काळी आणि पिवळी मारबत पाहायला बाबांच्या खांद्यावर बसून इतवारीत जायचीस, आणि ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’ एवढ्या जोरात ओरडायचीस की घरी येईस्तोवर आवाज बसायचा. इथं गावातही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मारबत शिवेबाहेर नेतात, पण बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, नसतात. महागाईचा, पुढाऱ्यांचा बडगा काढून भर बाजारातून मिरवायची मजा नागपूरचीच.

मावशी जेवायला बसवतील. पैसे देऊ नको, त्यांना राग येतो. तिखट झेपलं नाही तरी पहिली वाटी संपव. त्यांचा फोटो काढायचा असेल तर आधी विचार. समोरच्या काकांना आता कमी ऐकू येते, जवळ बसून बोल. नळाचा विषय काढू नको.

बुधवारच्या एसटीनं एक थैला पाठवते. त्यात मिरची दोन पुड्यांत बांधली आहे, मोठी मावशींची, लहान तुझी. उलट करू नको. आणि त्या संयोजक पोट्ट्याचा नंबर तुझ्याकडे आहे ना, त्याला माझा निरोप दे: पुढचं संमेलन गल्लीतच ठेवा, पाजणी पसरायचो तिथंच सतरंज्या टाकू, रस्सा मावशींना सांगू आणि त्याचे पैसे त्यांना रोख देऊ. हॉलचं भाडं तरी वाचेल.

तुझी,
आई