ज्यांनी नाव छापू दिलं नाही, त्या काकांना

आदरणीय काका,
कृ. सा. न. वि. वि.

निमंत्रणपत्रिकेच्या प्रूफवर मी तुमचं नाव टाकलं होतं. तुम्ही चष्मा कपाळावर सारून ते वाचलंत, खिशातलं पेन काढलंत आणि नावावर एक सरळ रेघ मारलीत. "मी थिएटरातल्या प्रोजेक्टरच्या केबिनमधला माणूस. त्याचं नाव पाटीवर येत नसतं," एवढंच म्हणालात. म्हणून या पत्रातही तुमचं नाव नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. आपल्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या त्या माजघरात पाच संध्याकाळी जे लोक येऊन गेले, त्यांच्यातल्या बहुतेकांना वाटतंय की ते काम मी एकटीने केलं.

वर्षभर मी एकच गोष्ट जमवत होते: अंधारात फोन बघणाऱ्या माणसांचे चेहरे. आई, समोरच्या काकू, रावपुऱ्यातल्या मेडिकलमधला मुलगा, रात्रपाळीचा वॉचमन, माझा मामेभाऊ. प्रत्येकाला विचारून, दुसरा कुठलाही दिवा न लावता, फक्त त्यांच्या फोनच्या उजेडात शूट केलं. त्या उजेडात चेहऱ्याचा रंग दर चार-पाच सेकंदांनी बदलतो. निळा, मग पिवळट, मग एकदम पांढरा. डोळे जवळजवळ हलत नाहीत, अंगठा तेवढा हलत राहतो. माझ्या आईचा चेहरा असा मी आधी कधी पाहिला नव्हता. ती तिथे होती आणि नव्हतीही. हे चेहरे तीन भिंतींवर माणसापेक्षा मोठे दाखवायचे आणि बघणाऱ्याने त्यांच्या मधोमध उभं राहायचं, हे मनात पक्कं होतं. दिवसा लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचे आणि रात्री हे, असं चाललं होतं.

ठरलेली जागा ऐन वेळी हातची गेली. कोणाची, कशी, ते आता उगाळत नाही. आईने खंडेराव मार्केटात भाजी घेता घेता तुम्हाला सांगितलं आणि त्याच संध्याकाळी तुम्ही वाड्याची किल्ली घेऊन आमच्या दारात उभे राहिलात. "तीस वर्षं लोकांना अंधारात बसवलंय. अंधार कसा करायचा ते मला ठाऊक आहे."

आणि खरंच, तुम्ही आधी अंधारच केलात. मी भिंती चांगल्या पांढऱ्याशुभ्र करून घ्यायला निघाले होते. तुम्ही थांबवलंत. थिएटरात पडदा एकच असतो, समोरचा. इथे तीन भिंती एकमेकींवर उजेड फेकणार, पांढरी भिंत तो परत उडवणार आणि काळा रंग कुठेच काळा दिसणार नाही, हे तुम्ही एक टॉर्च आणि एक पांढरा टॉवेल घेऊन दाखवलंत. मग चुन्यात काजळी कालवून राखाडी हात दिला गेला. दोन दिवस तुमच्या धोतराची किनार राखाडी होती. चेहऱ्यांभोवतीचा काळोख जो काही उतरला, तो त्या राखाडी रंगामुळे.

आता त्या पुठ्ठ्याबद्दल. लांब भिंतीला एक प्रोजेक्टर पुरत नव्हता, म्हणून दोन लावले होते आणि मधे २८८ पिक्सेलची पट्टी एकमेकींवर चढवली होती. सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडून उजेड उतरवत आणला की सांधा दिसत नाही. चित्र उजळ असेपर्यंत दिसतही नव्हता. पण चित्र काळं झालं की भिंतीच्या मधोमध एक राखाडी पट्टा उभा राहायचा, कारण प्रोजेक्टरचा काळा म्हणजे पूर्ण अंधार नव्हे, तिथेही थोडा उजेड गळत असतो आणि सांध्यावर तो दुप्पट होतो. तीन रात्री मी आकडे बदलत बसले. चौथ्या रात्री तुम्ही काळं पुठ्ठं कापून आणलंत आणि लेन्ससमोर हातात धरून हळूहळू पुढेमागे केलंत. लेन्सपासून लांब धरलं की भिंतीवर कापल्यासारखी कडक धार. जवळ आणलं की तीच धार धुक्यासारखी विरते. एके ठिकाणी तुमचा हात थांबला आणि पट्टा गेला. "इथे," म्हणालात. मी चिकटपट्टी घेऊन धावले. दोन बोटं आणि वर थोडं, इतकंच ते अंतर होतं. मी ते मोजून वहीत लिहून ठेवलंय.

यानंतर जे झालं त्यासाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे, आणि नेमकं त्याच वेळी मी तुमच्यावर रागावले होते. काम पूर्ण लागल्यावर तुम्ही स्टुलावर बसून पाऊण तास ते पाहिलंत. मग विचारलंत, "खेळ सुटतो कधी?"

मी म्हणाले, सुटत नाही, काका. तोच तर मुद्दा आहे. फोनवर खाली खाली सरकवत गेलं तरी पान संपतच नाही. ही युक्ती अझा रास्किन या माणसाने २००६ मध्ये काढली आणि पुढे त्याला स्वतःलाच तिचा पश्चात्ताप झाला, हेही सांगितलं. माझं कामही तसंच लूपवर फिरत राहणार होतं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "त्याला पश्चात्ताप झाला, आणि तू परत तेच करणार?"

दोन दिवस मी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्कूटर घेऊन आलात आणि मला तांबेकर वाड्यात नेलंत. (वाटेत, कलाभवनात फाळके फोटोग्राफी शिकले हे तुम्ही पुन्हा सांगितलंत. दर वेळी तुमचा आवाज तितकाच भरून येतो.) मी त्या वाड्यात लहानपणी शाळेबरोबर गेले होते, पण तेव्हा काय बघणार? एकोणिसाव्या शतकात रंगवलेल्या त्या भिंती, वरपासून खालपर्यंत चित्रंच चित्रं: कृष्ण, लढाया, साहेब आणि मडमा. चहूबाजूंनी चित्रांनी वेढलेली ती खोली बघून मला हसू आलं. मी वर्षभर ज्याला नवीन म्हणत होते ते आमच्या गावात दीडशे वर्षं उभं होतं. तुम्ही मात्र दोन चित्रांमधल्या चौकटीकडे बोट केलंत, भिंतीला न लावता, आणि काही बोलला नाहीत.

घरी येऊन मी तुम्हाला विचारलं, तुमचं एक रीळ किती वेळ चालायचं? "दोन हजार फूट. मिनिटाला नव्वद फूट. बावीस मिनिटं." तुम्ही रीळ म्हणता, मी रील म्हणते, इन्स्टाग्रामवरची. २०२० च्या जुलैत आमच्या फोनवर आली तेव्हा ती पंधरा सेकंदांची होती. त्या रात्री मी लूप काढून टाकला आणि काम बरोबर बावीस मिनिटांचं बांधलं. एकेक चेहरा आता दीड-दोन मिनिटं भिंतीवर थांबू लागला. आईचा सगळ्यात जास्त वेळ.

शेवटी चाळीस सेकंद पूर्ण अंधार ठेवला होता. पहिल्या संध्याकाळी तो सुरू होताच पाच-सहा जणांनी सवयीने फोन काढले. पडद्यावर होते तसेच चेहरे अंधारात उजळले, पण खरे, हातभर अंतरावर. माझा हात दिव्याच्या बटणाकडे गेला. तुम्ही मनगट धरलंत. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, मग एकेक फोन खिशात गेला. शेवटचा विझला तेव्हा चौकातल्या झोपाळ्याची कडी कुरकुरताना ऐकू आली. हे मी कुठल्याही कागदावर लिहिलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला न सांगता केली. चेंजओव्हरच्या वेळी, म्हणजे एक रीळ संपून दुसऱ्या मशीनवरचं सुरू करताना, पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका यायचा, पहिला आला की दुसरं मशीन चालू, दुसरा आला की झडप पलटायची, असं तुम्ही सांगितलं होतंत. पाचव्या संध्याकाळी मी ते दोन ठिपके घातले, एक शेवटाच्या आठ सेकंद आधी आणि एक एक सेकंद आधी. खोलीत तीस माणसं होती, कोणाचं लक्ष गेलं नाही. मी भिंतीकडे बघतच नव्हते, दाराजवळच्या तुमच्या स्टुलाकडे बघत होते. पहिला ठिपका उमटला आणि तुम्ही उठून उभे राहिलात. दुसऱ्याला तुमचा उजवा हात वर आला, हवेत काहीतरी पकडलं आणि खाली ओढलं. आणि अंधार झाला.

पुठ्ठं अजून माझ्याकडेच आहे. रविवारी सकाळी किल्लीबरोबर घेऊन येते. आईने लिंबाचं लोणचं घातलंय, तेही आणते.

आपली नम्र,
समोरच्या गल्लीतली एडिटिंगवाली